नत्र बंद

सोहारच्या बंदरामागे ज्वाला जळत असते
चोवीस तास.
पहिल्या वर्षी खोलीला पडदा नव्हता,
तिच्याच उजेडात मी दाढी करायचो.
आता तिच्यातला थोडा वायू
वळवून आणलाय आमच्या टाकीत,
बोटभर नळीतून.

टाकीत जीव आहेत.
दिसत नाहीत. वास येतो, ओल्या पोत्यासारखा,
आणि काचेमागे ताकासारखं गढूळ काही
घुसळत राहतं.
शैमाने त्यांच्या जनुकांत दोन ओळी घातल्यात
कुठल्याशा परक्या जिवाच्या.
सांगते अशी, की आमटीत आज गूळ जरा जास्त टाकलाय.
मिथेन खा, प्लास्टिक कर.
दुसऱ्या टाकीतल्यांना सांगितलंय, इंधन करा.
ते ऐकत नाहीत.
आठवड्यातून दोनदा मरतात.

माझं काम साधं.
वायू किती, हवा किती, पंचेचाळीस अंश,
फेस चढला की थेंबभर तेल.
मिथेन आणि ऑक्सिजन एका छताखाली नांदवायचे
आणि ठिणगीला पत्ता लागू द्यायचा नाही.
बाहेर ऑगस्टात सत्तेचाळीस.
त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त शिजतो.

पहाटे तीनला फोन येतो:
मुश्ताक, नत्र बंद.
मी झडप फिरवतो.

हे मला आधी कळलं नव्हतं.
सगळं पोटभर मिळालं की ते नुसते वाढतात,
एकाचे दोन, दोनाचे चार, संसारच संसार.
एक काहीतरी तोडलं, की वाढायचे थांबतात
आणि साठवू लागतात.
पांढरे कण, अंगातच,
पुढच्या वाईट दिवसांसाठी.
ते दिवस आम्ही येऊच देत नाही.
त्याआधी टाकी उपसतो.

एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंन तिने.
बघ, किती भरलेत, म्हणाली खुशीत.
निम्म्याहून जास्त वजन साठवणीचं.
मी डोळा लावून उभा राहिलो
आणि एकदम आठवलं,
आज सव्वीस तारीख,
वेलदूरला पैसे पाठवायचे राहिलेत.

त्या पुडीतून पहिला चमचा निघाला,
पिवळट, एका कडेला वाकडा.
खमीसने त्याने चहात साखर ढवळली.
समुद्रात पडला तर विरून जातो म्हणे,
थोड्या वर्षांत.
मी विचारलं, नेमक्या किती?
शैमाने खांदे उडवले.

ज्वाला तेवढीच आहे.
असेल बोटभर कमी.

शिफ्ट संपताना मी पुन्हा झडप बघून येतो.
बंद आहे.
काचेमागे काही न बोलता
दाट होत चाललंय.