मापात पाप

तुर्भ्याच्या दाणाबंदरात मी मापाडी.
अकरा वर्षं झाली.
गोणी जमिनीला टेकताना जो आवाज करते
त्यावरून सांगतो, पन्नास भरली की दोनशे ग्रॅम कमी.
परखी खुपसायची, दाणे तळहातावर,
एक दाताखाली:
ओल किती, कीड किती, यंदाचं की गेल्या सालचं.

शरयूला सहा महिने भरले त्या सोमवारी
सुनंदा पुन्हा कामावर गेली,
रबाळ्याला, औषधांच्या पॅकिंगला. पहिली पाळी.
मी पंधरा दिवसांची रजा टाकली, बिनपगारी.
फ्रीजवर तिनं चिठ्ठी चिकटवली,
दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेलं सगळं:
मीठ नको, साखर नको, मध तर मुळीच नको.
तीन दिवस एकच धान्य.
मांडीवर नीट बसवून भरव.
आणि रडली तर थांब.
ही शेवटची ओळ सिस्टरची नव्हती,
तिच्याखाली दोन रेघा होत्या.

नाचणी मीच आणलेली.
चार वक्कलं नाकारून पाचवं घेतलं,
शेठ म्हणाला, दोन किलोला एवढी पारख?
भिजवली, ओल्या फडक्यात बांधली,
मोड आले बारीक पांढरे,
तिच्या हिरडीत अजून दडून बसलेल्या दातांसारखे.
गॅलरीत सावलीला वाळवली,
कोपरखैरण्याची समस्त कबुतरं हाकलत बसलो.
भाजली, दळली, वस्त्रगाळ केली.
आई पाटणहून फोनवर: गुळाचा एक खडा तरी टाक रे,
पोर काय पाप करून आलीय?
टाकला नाही.
डबा मात्र उघडला होता.

पहिला चमचा.
परखीनं आयुष्यभर आतलं बाहेर काढलं,
हे बाहेरचं आत घालायचं,
हात असा कधी थरथरला नव्हता.
शरयूनं जीभ पुढे केली
आणि माल परत.
हनुवटीवर, मानेच्या वळीत, लाळेऱ्यावर.
दुसरा चमचा. परत.
तिसरा तिनं माझ्या शर्टावर जमा केला.

तात्या सांगायचे, पूर्वी भाव रुमालाखाली ठरत,
बोटांत बोटं, चेहरे कोरे.
लाळेऱ्याखाली तिनं माझं बोट धरलं
आणि दाबलं, दोनदा.
काय भाव सांगत होती कोण जाणे.
मी कबूल केला.

असे आठ दिवस.
नवव्या दिवशी, बुधवारी,
चमचा अजून वाटीतच होता
तर गोदामाचं शटर वर जावं तसं तोंड उघडलं.
गिळलं. वाट बघितली. पुन्हा उघडलं.
मी वाटी खरवडली, तरी ती वाटीवर थापट्या मारत होती.
काढून ठेवलेलं दूध
अर्धं तसंच उरलं.
मी एकटाच हसत होतो, खिडकीत पारसिकचा डोंगर,
कुणाला सांगू असं झालेलं.

चारला सुनंदा आली.
ओढणी छातीशी घट्ट धरलेली,
खाली दोन ओले डाग.
आज फार भरून आलं, म्हणाली,
बाथरूममध्ये दोनदा पिळून टाकलं.
मग हात धुता धुता, पाठमोरीच:
किती खाल्लं?

अकरा वर्षांत व्यापाऱ्यानं डोळे वटारले,
कुणी पाकीट पुढे केलं,
काटा हलू दिला नाही मी.

दोन चमचे, म्हणालो.
तेही थुंकलंच बरंचसं.

तिनं पोरीला घेतलं, पदराआड केलं.
मलाच शोधत असेल, म्हणाली, भिंतीला.
शरयू प्यायली थोडी, मग सोडून
पंख्याकडे बघत राहिली.
सुनंदानं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं,
बराच वेळ.
मग कानामागे वाळलेली नाचणी
नखानं हळू हळू काढत बसली.

उद्या जरा पातळ कर, म्हणाली.
आणि वाटी मोठी घे.