दुसरा हात

एप्रिलच्या मिरवणुकांतून डबे परत आले
ते ओळखू येईनात.
चौदा डबे, टेका नाक्याच्या गाळ्यात,
कोपरे उघडे पडलेले, प्लायच्या पापुद्र्यांत
निळा रंग, कुणाच्या तरी चपलेची माती.
एकाच्या पाठीवर अजून वाचता येतं: गणवीर साऊं
शेवटचं अक्षर कुठल्याशा जिन्यानं खाल्लं.

माझं माहेर कामठीचं,
बाबांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान.
सासरी सगळ्यांना वाजवता येतं.
खरवडता मला येतं.

जुनं कार्पेट ओढलं की करकरत अर्धंच निघतं.
उरलेल्याला थिनर, खुरपी आणि शिव्या.
खड्ड्यांत गाडीचीच पुट्टी भरली,
ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीसचा.
नाकाला ओढणी बांधली, तरी रात्री
भाताला लाकडाची चव.

नव्या कोटाच्या बादलीवर लिहिलंय:
पाणी, ऊन, ओरखडा, काही होत नाही.
हार्डनर मिसळला की चाळीस मिनिटं हातात.
हे गणित कुठल्या तरी थंड गावचं असणार.
आपल्याकडे दुपारी बाराला
पंधरा मिनिटांत बादलीतच दगड.
म्हणून पहाटे चार.
शेजारच्या कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
आणि नळ यायच्या आत पहिला हात.

दाणा कसा पाहिजे, नवऱ्यानं विचारलं.
म्हटलं, संत्र्याच्या सालीसारखा.
नागपुरात एवढं सांगितलं की पुरतं.

तेजराम मामा तोवर दारात येऊन बसलेले.
एकोणीस वर्षं डाव्या मुठीला तेच,
उजवीला पोरं बदलत गेली.
डाव्या मुठीखालचं लाकूड त्यांच्या बोटांनी
काचेसारखं झालेलं.
तिथेच कागद सगळ्यात जास्त मारावा लागला,
गुळगुळीतावर काही चिकटत नाही.
दोन वर्षं झाली, मामांना ऐकू येत नाही.
उचलायला त्यांना कुणी बोलवत नाही आता.
ते येतात.

दुसरा हात ओला होता.
मी रोलर धुवायला वळले, परत पाहते तर
मामांचा पंजा डब्याच्या पाठीवर, पूर्ण टेकलेला,
वाजत्या डब्यावर ठेवतात तसा,
आवाज आहे की गेला ते बघायला.
मी ओरडले.
गल्लीतलं कुत्रं उठलं, मामा नाही.

थिनरनं त्यांचा तळवा पुसला,
रेषांत काळं राहिलंच.
मग त्या डब्याला तिसरा हात दिला, हिशेबाबाहेरचा.
माल कमी पडला,
चौदावा डबा जुन्या कार्पेटातच राहिला.
पंजा आता दिसत नाही.
दोन हातांच्या मध्ये कुठेतरी आहे.
पाणी, ऊन, ओरखडा, त्याला काही होणार नाही.

सातव्या दिवशी जाळ्या बसवल्या, वायर जोडली.
शेजारी बाळंतीण, म्हणून नवरा हळूच पुटपुटला,
चेक, चेक, माईक चेक.
आवाज तोच. खर्जात तीच खरखर.
रंगानं काय फरक पडणार होता?

मामांनी हात ठेवला, लगेच उचलला,
तळव्याकडे पाहिलं.
"बोचून राहिलं वं," म्हणाले,
पार चौकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं,
आणि सरकत सरकत
चौदाव्या डब्यापाशी जाऊन बसले.