शनिवारी मशिनं बंद असतात

रूबेनची सीडी पोस्टाने आली.
शरणपूर रोडवरून अंबडला पायी निघाला असता
तरी दीड तासात पोचला असता.
पण सत्तावीस वर्षं आम्ही बोललेलो नाही,
त्याला पोस्टच बरं वाटलं असणार.

कव्हरवर फोटो नाही.
पत्र्याचं एक शटर, अर्धं वर.
खाली नाव: रूबेन त्रिभुवन.
आधी कुठे यायचं ते?
पोस्टरवर माझं ठळक, पेसीचं मधलं,
आणि हा 'साथीला' या शब्दाच्या पोटात.

सीडी लावायला घरात आता काही नाही.
जावयाच्या जुन्या गाडीत एक फट आहे,
म्हणून पार्किंगमध्ये जाऊन बसलो
काचा वर करून, चोरासारखा.

आधी नुसती खरखर.
मग लांब कुठेतरी तापलेलं लोखंड निवताना
करतं तसं टक्. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्.
सातपूरला भाच्याच्या गाळ्यात रेकॉर्ड केलंय म्हणे,
फक्त शनिवारी, मशिनं बंद असतात तेव्हा.
कूलंटचा वास ऐकू येत नाही, हे मान्य.
मला आला.

मग तो वाजवायला लागला.

देवळाली कॅम्पात, सत्त्याऐंशी साली,
मी माईकवरून म्हणालो होतो, "रुब्या, आवाज कमी."
साहेब लोक हसले, त्यांच्या बायका हसल्या.
त्याने वाकून, घरातला गळका नळ बंद करावा
तसं बटण फिरवलं.
भांडण तेव्हा नाही झालं.
ते झालं फार पुढे, अ‍ॅम्प्लिफायरच्या साडेतीन हजारांवरून.
लोकांना तेवढंच माहीत आहे.

दिवसा तो नोटांच्या छापखान्यात असायचा.
एकतीस वर्षं रोज गेटवर झडती देऊन
रिकाम्या हातांनी घरी आलेला माणूस.
याला काही लपवून बाहेर काढता येत असेल
असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बोटं आता पळत नाहीत त्याची.
पूर्वी एका दमात वीस सूर सांडायचा.
आता एकच लावतो, तार दाबून वर ओढतो
आणि थांबून राहतो
द्वारका चौकात रस्ता ओलांडायला निघालेल्या
म्हाताऱ्यासारखा:
मागे फिरायचं नाही, पुढे जागा नाही,
हात तेवढा वर.

तिसऱ्या ट्रॅकवर तांबट ठोकतात तसं काहीतरी आहे.
मला नाही आवडलं. लांबलंय.

चौथा मात्र आमचाच. नाव बदललंय,
पण ती चाल मी झोपेत ओळखीन.
पेसीचा ड्रम नाही. पेसीच नाही आता.
आणि जिथे माझी ओळ यायची, तिथे
रूबेन पुढे आलाच नाही.
अख्खा अल्बम एकट्याचा, आणि इथे हा गृहस्थ
मागे सरकून नुसती साथ देतोय,
झक् चक्, झक् चक्,
समोर कुणी उभं असल्यासारखी.

चार आवर्तनं जागा होती.
मी तोंड उघडलं.
घशात काय काय साचलेलं असतं.
चार गेली.

मी नेहमीच उशिरा उचलायचो ओळ,
सगळ्या नाशकात हे दोघांनाच ठाऊक.
त्याने पाचवं वाजवून ठेवलंय.

आवाज निघाला तो गाण्याचा नव्हता.
वॉचमन येऊन काचेतून बघून गेला.

उरलेले तीन ट्रॅक अजून ऐकायचेत.
बायकोला सांगितलंय, येत्या शनिवारी
सातपूरला जाऊन येतो, पंपाचं सील आणायला.
ती म्हणाली, शनिवारी तिथं सगळं बंद असतं ना?

हो, म्हटलं. असतं.