एक तार जास्त

मिरजोळ्याच्या शेडमध्ये आम्ही पाच जण
आणि एक यंत्र, ज्याला स्वतःचं घर ठाऊक नव्हतं.

प्रोसेसर हाक मारायचा: चार हजार नंबर!
त्या नंबरात खरोखर कोण राहतं
हे सांगायला मध्ये कुणीतरी लागतं,
राजिवड्याच्या मयेकर पोस्टमनसारखं.
पाकिटावर एवढंच, ‘मशिदीमागे, इंजिनवाल्यांकडे’,
आणि ते न विचारता तिसऱ्या गल्लीत वळतात.
कुणाचं पत्र कुणाच्या हाती पडू द्यायचं नाही
हेही त्यांना पाठ.

असा पोस्टमन आम्हांला चिपमध्ये हवा होता.
कॅटलॉगात होता, पान दोनशे बारा,
चौसष्ट पायांचा, सुबक, सगळ्यांना चालेल असा.
पत्र आलं: सहा आठवडे.
दुसरं आलं: आणखी सहा.
तो पोचला तेव्हा नारळी पौर्णिमा उलटून
मिरकरवाड्याच्या होड्या पाण्यात गेल्या होत्या.
जोडला, तर प्रत्येक पाकीट
उजेडात धरून वाचायचा.
प्रत्येक हाकेला एक ठोका थांबा.
मच्छिमार सोसायटीची खतावणी उघडेपर्यंत
चहा निवून साय धरायची.

डोर्लेकर साहेब म्हणाले, “प्रमाण वस्तू आहे.
बिघडली तर दुसरी मागवू.
घरची केली, तर दुरुस्तीला कुणाला बोलावणार?”
ते चुकत नव्हते.
हे आज लिहिते आहे; तेव्हा मनातल्या मनात
मी त्यांना बरीच नावं ठेवली होती.

शमसुद्दीन मुकादम आधी ट्रॉलरची इंजिनं खोलायचा.
हात पुसत म्हणाला, “वायच थांबा.
पोस्टमन कशाला हवा?
पोस्टमनची वही पुरे.”

चार चपळ रॅम, मूठभर गेट,
पत्त्याचा वरचा तुकडा आत, खरा पत्ता बाहेर.
विचार नाही, शोधाशोध नाही.
पान उघडं, बोट ओळीवर.
तीन महिने आम्ही तारा गुंडाळल्या.
खाऱ्या वाऱ्याने सॉकेटं हिरवी पडायची,
मी ती जुन्या टूथब्रशने घासायचे.
माघातल्या एका रात्री खतावणी उघडली,
चहा कपात ओतायच्या आत.
साहेबांनी यंत्र दोनदा बंद करून चालू केलं,
मग काही न बोलता
रिकामा कप पुढे केला.

पुढल्या वर्षी शमसू मस्कतला गेला.
मागे सोळा यंत्रं, एक वही.

वैशाखात सोसायटीचा निरोप:
पगारपत्रक खतावणीत घुसलंय,
एका तांडेलाच्या नावावर
साऱ्या बंदराचं बर्फाचं बिल चढलंय,
आणि तो दारात उभा आहे.
वही उघडली. उर्दू.
आकडेसुद्धा.

वही छातीशी धरून राजिवड्यात गेले.
मयेकर सायकलवरून येत होते,
मी तोंड उघडायच्या आत
हात केला: तिसरी गल्ली.

त्याची बहीण जुबेदा, उर्दू शाळेतली बाई,
रविवारी डबा घेऊन शेडमध्ये आली.
स्टुलावर बसून हजेरी घ्यावी तशी वाचत गेली:
“पिवळी, सातवरून एकोणीसवर.
निळी, तीनवरून... अक्षर बघा याचं,
लहानपणी मार खाल्ला तरी सुधारलं नाही.”
ती वाचायची, मी प्रोब टेकवायचे.
दुपारी सापडली,
मिठाने खाऊन सुटलेली, केसाएवढी.

शेवटच्या पानावर ती थबकली.
“इथं लिहिलंय, एक हिरवी तार जास्त आहे.
ती का लागते ते मला कळलेलं नाही.
काढू नका.”

आम्ही दोघींनी वाकून पाहिलं.
होती.

दुसऱ्या दिवशी डोर्लेकर साहेबांनी
सोळाही बोर्डांवर चिठ्ठी डकवली,
टंकलिखित, प्रमाण मराठीत:
‘सदर तार काढू नये.’