चार वाट्या

मुश्ताकच्या भंगारात ते पालथं पडलं होतं,
चारी पाय वर.
जाळीचं कपाट. सागाचं. कोयंड्याला गंजलेलं कुलूप
आणि किल्ली कुणाकडेच नाही.
साडेसातशे म्हणाला, पाचशेला दिलं,
वर चार चिनीमातीच्या वाट्या फुकट:
पाणी भरून पायांखाली ठेवायच्या,
मुंगी दुधापर्यंत पोचू नये म्हणून.

मी मोटारी भरतो. रिवाइंडिंग.
अंमळनेरात, बोरीच्या अलीकडे, पत्र्याचं दुकान.
विहिरींचं पाणी खाली गेलं
की माझा धंदा वर येतो.
कोरडे फिरून जळालेले पंप
मार्चपासून दारात रांग लावतात.
जळक्या वार्निशचा वास
जेवतानाही बोटांना असतो.
अशा माणसानं घरात पाणी का मांडावं,
मला विचारू नका.

जाळी कोकिळाने काढली,
पक्कड घेऊन, एकेक चूक उपटत.
लग्नाला एकवीस वर्षं झाली,
सराव आहे तिला.

मागच्या फळीवर पेन्सिलीने कुणाचा तरी हिशेब:
सोम अर्धा शेर. मंगळ अर्धा. बुध खाडा.
गुरू पाव. शुक्र खाडा. शनी खाडा.
पुढे फळी कोरी.
पॉलिशपेपर तिथवर आला
आणि मी बाजूने वळवला.

काच पारोळ्याहून आणली, एसटीत, मांडीवर.
कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं.
सुपडू मिस्तरी म्हणाला, नव्वद लिटर म्हणजे नव्वद किलो,
वर वाळू, वर दगड,
हे काही दुधाचं पातेलं नाही.
त्याने खालून लोखंडी अँगल मारला.
सिलिकॉन सुकेपर्यंत दोन दिवस
घरभर शिरक्याचा वास.

आठव्या दिवशी नळ येतो आमच्याकडे.
आंघोळीच्या बादलीतून अर्धं अर्धं बाजूला काढत
भरायला तीन नळ लागले.
समोरचे भटूआप्पा ओट्यावरून ओरडले,
"पेवाले पानी नही, अन् मासासले बंगला!"
गल्ली हसली.
मीही हसलो, कारण खोटं काय होतं त्यात?

वाट्या मी शोभेला ठेवल्या होत्या, कोरड्या.
दुसऱ्या सकाळी बघतो
तर मागच्या डाव्या वाटीत पाणी.
काठोकाठ.
कोकिळा म्हणाली, बघा,
कपाटाने आपली खोड सोडली नाही.
सगळं उपसलं. सांधा पुन्हा भरला.
पुन्हा दोन दिवस शिरका,
पुन्हा तीन नळ.

मग जळगावहून पिशवीत गप्पी आले, सहा.
आणि दोन काळे मॉली.

मे महिन्यात रात्री साडेबाराला लाइट गेली.
पंप बंद. बुडबुडे बंद.
मासे वर येऊन तोंड उघडू लागले,
आवाज नसलेली भूक असते तसे.
मी ओगराळ्याने पाणी उचलून वरून सोडत बसलो,
हवा मिसळावी म्हणून.
हात भरून आला तेव्हा
अंधारातून कुणीतरी ओगराळं काढून घेतलं.
भटूआप्पा. बनियनवर. बॅटरी दातांत धरलेली.
दोघांनी पाळी लावली.
दुनियाभराचे पंप भरतो मी,
त्या रात्री आम्हीच पंप.

चारला लाइट आली.
दोन गप्पी गेले होते.
सकाळी लिंबाच्या आळ्यात पुरले.

आप्पा आता रोज येतात, चहा झाला की.
खुर्ची काचेला लावून बसतात.
मासा फळीवरून सरकतो,
गुरूवरून शुक्रावर, शुक्रावरून कोऱ्या जागेत,
आणि उलटा फिरतो.
परवा मध्येच म्हणाले,
"बुधवारले खाडा का बरं पडना व्हई?"
कोकिळा आतून म्हणाली, गाय आटली असेल.
आप्पा म्हणाले, मग गुरूवारी पाव कुठून आलं?
यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

वाट्यांत हल्ली मी पाणी घालतो. सवय लागली.
मुंग्या येतात, काठापर्यंत,
मिशा हलवून बघतात, माघारी जातात.
वर दूध नाही,
हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.