शासनाकडून येणे

माझ्या टेबलावर दोन रजिस्टरं.
एक जाड, निळ्या कापडी बांधणीचं,
त्यात फी भरणारी मुलं.
दुसरं पातळ, वहीच म्हणा.
सहा वर्षांपूर्वी मार्करनं मीच वर लिहिलं :
शासनाकडून येणे.

आत एकतीस नावं.
नावापुढे रक्कम, रकमेपुढे वर्ष,
वर्षापुढे रेघ.
रेघेपुढे काही नाही.

कोपरखैरण्यात पाण्याच्या टाकीसमोर आमची शाळा,
शाळेला चिकटून झेरॉक्सचं दुकान.
अर्ज सुटले की रांग तिकडे लागते :
उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जन्माचा दाखला,
आणि नकाशात घराची टाचणी.
शाळेपासून एक किलोमीटरच्या आत हवी.
वैजयंता निगडेची टाचणी पहिल्यांदा खाडीत पडली.
दुकानातल्या पोरानं अंगठ्यानं ढकलत ढकलत
घर जमिनीवर आणलं.
मग सोडत.
नंबर लागल्याचा मेसेज आला तेव्हा
तिला वाटलं, पुन्हा कोणीतरी कर्ज देतंय.
दोन दिवस उघडलाच नाही.

नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी.
पोरगी तनिष्का, आता तिसरीत.
फी माफ.
बूट माफ नाहीत, स्नेहसंमेलनाचा ड्रेस माफ नाही,
आणि त्या ‘अॅक्टिव्हिटी’ नावाच्या कागदावर
काय काय माफ नाही
ते मलाही पाठ नाही.

यंदा संस्थेचे साहेब म्हणाले,
सरकार द्यायचं तेव्हा देईल,
तोवर त्या एकतीस जणांचे निकाल
तुमच्याच ड्रॉवरमध्ये राहू द्या.
मी ‘बरं’ म्हणाले.
किल्ली माझ्याच जुडग्यात आहे,
घरच्या कुलपाच्या किल्लीशेजारी.

काल वैजयंता आली. सोबत पोरगी.
पिशवीतून पासबुक काढलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.
पुस्तकांचे पैसे आता थेट पोरांच्या खात्यात येणार
असं कुणीतरी सांगितलं होतं,
म्हणून अर्धी हजेरी बुडवून खातं उघडलेलं.
छापलेली ओळ एकच.
जमा : एक रुपया.

“खातं जिवंत आहे का बघायला टाकलाय म्हणे.”
“मग? आहे ना जिवंत?”
“आम्ही तर आहोत, मॅडम.”

तनिष्का टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून.
याला व्याज येतं का, तिनं विचारलं.
मी कॅल्क्युलेटर ओढला.
वर्षाला तीन पैसे.
ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली, ओठ हलत होते.
“तेहेतीस वर्षांनी नव्याण्णव.
चौतिसाव्या वर्षी दुसरा रुपया.”

हे तिला आम्हीच शिकवलं.
ज्याचे पैसे आलेले नाहीत
तोच भागाकार.

माझी मुलगी ह्याच शाळेत, सातवीत.
कर्मचाऱ्यांची पाल्य म्हणून अर्धी फी.
मला कुणी टाचणी टोचायला लावली नाही,
सोडत नाही, दाखला नाही.
साहेबांनी सही केली, झालं.
तिचं नाव निळ्या रजिस्टरात आहे,
अर्ध्या रकमेपुढे ‘भरली’ असा शिक्का.
हे मी वैजयंताला सांगितलं नाही.

चार वाजता साहेबांची गाडी गेली.
मी ड्रॉवर उघडला.
तनिष्काचा निकाल वरून सहावा.
गणितात ‘अ-एक’, हस्ताक्षरात ‘सुधारणा हवी’.
ओढणीखाली धरून शेजारच्या दुकानात नेला,
पुढची बाजू, मागची बाजू.
पोरानं विचारलं नाही कुणाचा.
मूळ प्रत परत तिच्या जागी ठेवली, सहावीच.
प्रत वैजयंताच्या पासबुकात.

झेरॉक्सचे दोन रुपये.
आज सकाळपासून पातळ वही उघडून बसलेय.
निगडे, तनिष्का, इयत्ता तिसरी,
रक्कम, वर्ष, रेघ.
रेघेपुढे पहिल्यांदाच लिहिण्यासारखं काही आहे,
आणि पेन उचलत नाही :
हे दोन रुपये कुणाकडून येणे,
की माझ्याकडून
जाणे?