मुळासकट

योरिस,
तू पहिल्यांदा अम्फावाच्या कालव्यावर उतरलास
तेव्हा आईनं तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही,
हातांकडे पाहिलं.
"मोठे आहेत," म्हणाली, "उखळाला बरे."

गेंटच्या कुठल्याशा बड्या हॉटेलातला तू,
काखेत सुऱ्यांची गुंडाळी.
आल्या आल्या कोथिंबिरीची मुळं छाटलीस
आणि पाण्यात भिरकावलीस, कचरा म्हणून.
मला कमरेभर पाण्यात उतरवून
एकेक मूळ वेचायला लावलं तिनं.
तेरा वर्षांची होते.
अजून माफ केलेलं नाही तुला.

मग वर्षभर तू फक्त कुटलंस.
लसूण, मिरी, मुळं. मुळं, मिरी, लसूण.
आई आतूनच आवाज ऐकायची :
"अजून ओलं आहे."
कधी नुसतंच "हं."
बॅटरीवरचा वजनकाटा आणला होतास,
तो तिनं माडाचा गूळ विकणाऱ्याला देऊन टाकला.

पुढे तू मेलेल्या बायकांची पुस्तकं जमवायला लागलास.
आमच्याकडे चितेपाशी आलेल्यांना पुस्तक वाटतात :
गेलेल्या बाईचा फोटो, मुलंबाळं,
आणि शेवटच्या पानांवर
तिच्या हातचे दोन-चार पदार्थ.
रद्दीच्या भावानं पोतंभर आणायचास.
"मीठ पुरेल इतकं. विस्तव कळेल तेव्हा ओढावा."
रात्री त्या बायकांशी भांडायचास, तुझ्या भाषेत,
शेवटी आमच्या भाषेत :
"पुरेल म्हणजे किती, बाई?"

बत्तीस वर्षं.
बँकॉकात तुझं हॉटेल झालं, नाव झालं.
लोक म्हणायचे, या गोऱ्यानं आम्हाला
आमचंच जेवण वाढायचं?
तू कधी वाद घातला नाहीस.
खरं सांगू, मलाही वाटायचं तसं,
कालवणाच्या वाफेत आईचा वास यायचा
आणि पाटीवर नाव तुझं.

थंडीत आई गेली.
तिचं पुस्तक मी लिहिलं.
मान मुडपून टोपलीत बसवलेल्या बांगड्यांचं
तिचं ते कालवण, पान अकरा.
देवळाच्या पायरीवर बसून तू वाचलंस,
वर धूर, खाली तुझं बोट
एकेका ओळीवरून सरकणारं,
आणि मग एके जागी थांबलेलं.

एक गोष्ट नव्हती त्यात.
ती मी विसरले नव्हते,
हेही तुला कळलं.
तू पुस्तक मिटलंस.
कुणाला काही बोलला नाहीस,
मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
धक्क्याला होडी लागल्याचा आवाज.
तू जुडी आणली होतीस, मुळासकट, चिखलासकट.
न विचारता उखळ ओढलंस,
बसलास.
साठीचे गुडघे कुरकुरले.

मी अंथरुणातच होते.
बराच वेळ ऐकत राहिले.
मग आतूनच म्हणाले,
"अजून ओलं आहे."

क्षणभर मुसळ थांबलं.
मग पुन्हा.